तालमीतला गजकर्ण

खाज थांबली म्हणजे रोग गेला, हे तुम्हाला कोणी शिकवलं? शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत ते कोणीच शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझा थोरला भाऊ तिथं कुस्ती करायचा. काखेत, जांघेत गजकर्णाचे गोल चट्टे उठायचे. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू पडतं. तिच्यात लोळलं की कातडी साफ होते, असा विश्वास. आणि नाहीच झाली तर मारुतीच्या कोनाड्यात, पणतीमागे, एक ट्यूब असायची. ती कुणा एकाची नव्हती. देवाला हात जोडायचे आणि अंगाऱ्यासारखी बोटभर लावायची. जत्रेच्या कुस्तीआधी तर हमखास, कारण अंगावर लाली दिसली की लढायला जोड कोण लावणार? दोन-चार दिवसांत लाली उतरायची, की ट्यूब दुसऱ्याच्या हातात.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. लाली दबायची, बुरशी मात्र अर्धवट औषध पचवून निबर व्हायची. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढं काही वर्षांनी गडहिंग्लजकडच्या एका जत्रेत दादाची कुस्ती ठरली. ती मारली असती तर मोठ्या मैदानात त्याचं नाव पुकारलं गेलं असतं. तोवर चट्टे पोटापर्यंत चढले होते. वस्तादांनी त्याला तालमीतल्या मातीच्या हौदाच्या काठावरच अडवलं.

"पैलवान, मातीत उतरायचं न्हाय."

"बरं झालंय की, वस्ताद."

"बरं झालंय व्हय? मग पोटावर जिल्ह्याचा नकाशा कशाला काढलाईस?"

सगळे हसले. दादाही हसला. घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून निजला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. याआधी तीन-चारदा दुकानातून गोळ्या आणून, खाज थांबताच सोडल्याचं त्यानं सांगितलं. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "या गोळीला तुमची बुरशी आता जुमानत नाही. दुसरी देते. पण खाज गेली तरी थांबायचं नाही. आणि घरच्यांनाही घेऊन या." आई आणि मी एव्हाना खाजवतच होतो, सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजायचे.

जत्रेदिवशी आई म्हणाली, "बघायला तरी जा की."

"शड्डू ऐकून बसवंल का मला तिथं?"

वडील चळवळीतले, त्यांच्या पत्रकांवर वाढलेली मी. रागानं पत्रक लिहिलं आणि तालमीच्या दाराला चिकटवलं: दुकानदार चिठ्ठीशिवाय विकतो, कंपनी स्टेरॉइड मिसळते, मरतो कोण? एक पैलवान वाचून म्हणाला, "ताई, कागद लावून खाज जाती व्हय?"

दादाचं अंग साफ व्हायला बरेच महिने गेले. तोवर त्याच्या जोडीचे पुढं निघून गेले होते. त्यानं पुन्हा कुस्तीची लांग चढवली नाही.

आता मला ओरडायचाही कंटाळा आलाय. एवढंच करा: चट्टा उठला तर दुकानदाराला नव्हे, डॉक्टरला दाखवा, आणि सांगतील तितके दिवस औषध घ्या. गल्लीत तालीम असेल तर तिथल्या पोरांशेजारी बसून हे त्यांना तोंडानं सांगा. पत्रकं ते वाचत नाहीत.