वासूनं आवळलेला पट्टा

वासूच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. "भाऊजी, हे गेले. जेवून पडले होते, ते उठलेच नाही जी," एवढंच त्या बोलल्या. मी "निघतो" म्हणालो, उरलेला चहा प्यालो, कप विसळून पालथा घातला. मग लाकडी पाय चढवला आणि रामटेकहून नागपूरची बस धरली. वाटेत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून नेहमीसारखा बोललोही. आता पाच आठवडे होत आले, रडू अजून आलेलं नाही. ज्या माणसामुळे मी जिवंत आहे त्याच्यासाठी रडू येत नाही, हे लिहायलाही संकोच वाटतो…

वासुदेव, म्हणजे आमचा वासू, माझ्याच पलटणीत नर्सिंग असिस्टंट होता. डॉक्टर नव्हे. गोळी लागलेल्या जवानापाशी सगळ्यांत आधी पोचायचं, रक्त थांबवायचं आणि त्याला जिवंत ठेवून डॉक्टरच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. तो नागपुरातल्या नंदनवनचा, मी रामटेकचा. दूरच्या पहाडात तेवढं गाववालेपण पुरतं. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. त्याच्या थैल्यात काय कुठं आहे ते दुसऱ्या कोणाला हलवू द्यायचा नाही.

त्या सकाळी चौकीवर तोफेचा गोळा पडला. माझ्या डाव्या गुडघ्यापाशी काहीतरी गरम लागलं, आणि खाली पाहिलं तर बूट भलत्याच दिशेला वळलेला. वासू सरपटत आला. त्यानं मांडीवर पट्टा घातला, त्यातली दांडी पिळत पिळत आवळली आणि माझ्या कपाळावर पेननं काहीतरी लिहू लागला. "काय लिहून राहिला गा?" मी विचारलं. "टाइम," तो म्हणाला, "पट्टा कधी बांधला त्याचा." रक्त थांबलं, पण त्या पट्ट्याचं दुखणं जखमेपेक्षा भारी होतं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येईना. खालून स्ट्रेचरवाले निघाले होते, पण पहाडात चालत यायचं म्हणजे तासांचा हिशेब. वासू माझ्याजवळ बसून राहिला, स्वतःचा कोट त्यानं मला पांघरला.

"वासू, सोड गा पट्टा. मले सहन होत नाही."

"नाही सोडत."

"पाय मरून राहिला माझा."

"पायाचं पाहू मग. तू बोलत राहा."

मी त्याला शिव्या दिल्या, त्याच्या आईची शपथ घातली, रडलो. दुपारनंतरचं मला आठवत नाही.

पाय मांडीतून कापला. सर्जन म्हणाले, पट्टा नसता तर तुम्ही इथवर आलाच नसता. ते मी ऐकलं, पण डोक्यात राहिलं एकच: मी एवढं विनवलं आणि यानं सोडला नाही. वासू दवाखान्यात भेटायला आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. पुढे मी शाळेत क्लार्क झालो. तो दर सुट्टीत रामटेकला यायचा, आम्ही धानाचं, पावसापाण्याचं बोलायचो. एकदा त्यानं विचारलं, "पाय दुखतो का गा?" "नसलेला पाय कसा दुखन?" मी म्हणालो. खरं तर दुखतो, आजही बोटं दुखतात. त्याला ते माहीत असणार. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझा पाय यानंच घेतला." लोक हसले. वासूही हसला, आणि भाताचं पातेलं घेऊन पुढे गेला. त्याची ती पाठ मला आता फार दिसते.

नोकरीची शेवटची वर्षं तो कामठीला होता, जवानांना प्रथमोपचार शिकवायला. तेरवीला त्याच्या हाताखाली शिकलेला एक हवालदार आला होता. माझ्या पायाकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला, मग शेजारी बसला. "उस्ताद ज्यांचं सांगायचे ते तुम्हीच का?"

"काय सांगायचे?"

"प्रत्येक बॅचला सांगायचे, नाव न घेता. म्हणायचे, पट्टा एकदा आवळला की कोणाच्या रडण्यानं सैल करू नका. माझा गाववाला रडला, माझ्यानं पाहवलं नाही, मी दोन मिनिटं सैल केला. तेवढ्यात इतकं रक्त गेलं की तो बोलायचाच थांबला. परत आवळला, पण मी माणूस जवळजवळ घालवलाच होता."

मी त्याला पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. इतकी वर्षं जे केलं नाही म्हणून मी त्याला दोष देत होतो ते त्यानं केलं होतं, माझ्यासाठी केलं होतं, आणि स्वतःची चूक म्हणून दर वर्षी अनोळखी पोरांपुढे कबूलही केलं होतं. मला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, माहीत नाही. वाढपी आला, त्यानं जिलेबी वाढली. मी खाल्ली.

पाहुणे गेल्यावर वहिनी पुढच्या खोलीत आवराआवर करत होत्या. खिडकीशी वासूची लाकडी खुर्ची होती. तिच्या उजव्या हातावरचं पॉलिश एका जागी पूर्ण उडालेलं, खालचं लाकूड गुळगुळीत, फिकट. "रोज सकाळी थैल्यातला पट्टा काढून तिथं बांधायचे," वहिनी म्हणाल्या. "डोळे मिटून, एका हातानं. मी म्हणायची, रिटायर झाले, आता काहून? तर म्हणत, हात विसरते." मी तिथं हात ठेवून पाहिला. चार बोटं बसली.

परवा पुन्हा गेलो. वहिनींनी खुर्ची पॉलिशला द्यायची म्हणून दाराशी काढून ठेवली होती. मी म्हणालो, "वहिनी, असू द्या तशीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका बाजूनं त्यांनी धरली, एका बाजूनं मी, आणि आम्ही ती परत खिडकीशी नेऊन ठेवली.