एका खोलीचं एक मत

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील, म्हणजे आबा, वरणगावच्या कारखान्यात होते आणि सुटीच्या दिवशी भुसावळच्या बाजारात सतरंजी टाकून पुस्तिका विकायचे. शेजारी बसून मी पत्रकांच्या घड्या घालायचे. बाई असो की मजूर, प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. आता मी स्वतः पत्रकं लिहिते. त्यांत उद्गारचिन्हं फार असतात, अशी आबांची तक्रार आहे.

निवृत्तीनंतर आबांना एकच गोष्ट पाहायची होती, श्रीलंकेतल्या अनुराधपूरचा बोधिवृक्ष. पांढरे कपडे घालून त्याच्यासमोर बसायचं आणि रोज सकाळी घरी म्हणतात ती वंदना तिथं म्हणायची, एवढंच. मोठ्या सहलींतली पळापळ त्यांना सोसत नाही, म्हणून मी जळगावची एक छोट्या गटाची सहल शोधली. स्तूप, मंदिरं, नाच आणि जंगल, आणि माणसं जेमतेम एका लहान बसमध्ये मावतील एवढी. कार्यक्रमात अनुराधपूरसाठी अख्खी सकाळ राखलेली होती. आईचे गुडघे तिला जिनाही चढू देत नाहीत, तेव्हा आबांबरोबर मी गेले.

गटात आम्ही सोडून सगळी जोडपी होती, किंवा बहिणीबहिणी. जामनेरचे एक शेठ होते, बी-बियाण्यांचे दुकानदार. धुळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. टूर मॅनेजर सगळा हिशोब खोलीवर करायचा. खोलीला दोन पाण्याच्या बाटल्या, खोलीला जीपमधली एक रांग. आबांना हे फार आवडलं. "आमची खोली तयार आहे," असं ते रोज सकाळी त्याला जाऊन सांगायचे, कारखान्यातल्या हजेरीसारखं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पहिल्याच दिवशी कोणीतरी आडनाव विचारलं, आबांनी सांगितलं, आणि त्यानंतरची ती छोटीशी शांतता मला ओळखीची होती. वाईट कोणी वागलं नाही. शेठ तर स्वतःच्या डब्यातली शेव आबांना आग्रहानं देत. पण आबा त्या क्षणापासून जरा जास्तच नम्र झाले. बसमध्ये शेवटी चढायला लागले.

अनुराधपूरच्या आदल्या दुपारी आम्ही विल्पत्तूच्या जंगलात गेलो. तिथं बिबटे दिसतात म्हणे. आम्हाला मोर दिसले, घोरपड दिसली, पाण्यात अर्धी बुडालेली मगर दिसली. शेठ परतताना कुरकुरत होते की मोर पाहायला का विमानात बसलो, मोर तर माझ्या गोदामावर बसतात. अक्कांनी नातवाला बिबट्याचा फोटो कबूल केला होता. हॉटेलच्या व्हरांड्यात चहा घेताना शेठनी विषय काढला. उद्या सकाळी पुन्हा जंगलात जाऊ. बिबट्या सकाळीच दिसतो, ड्रायव्हर सांगत होता. ते जुनं शहर काय, येताना गाडीतून बघू.

मॅनेजरनं नियम सांगितला. ठरलेला कार्यक्रम बदलायचा तर सगळ्यांची संमती लागते. एकजण जरी नाही म्हणाला, तरी बदल होणार नाही.

मला हायसं वाटलं. याहून चांगला नियम कोणत्या पत्रकात लिहिता आला असता? आबांनी फक्त गप्प बसायचं होतं. बसल्या जागी नुसता हात खाली ठेवायचा होता.

हात वर व्हायला लागले. शेठ, त्यांची बायको, एक डॉक्टर जोडपं. सगळ्यांचे हात पाहून अक्का आबांकडे वळल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठा तयार शेतस. तुमनं काय?"

आबांनी हात वर केला.

मी केला नाही. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझी संमती नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. कारण सांगणार होते. अनुराधपूर म्हणजे आमच्यासाठी काय आहे, हा माणूस किती वर्षं वाट पाहतोय, सगळं तोंडाशी आलं होतं. शेठ हसून म्हणाले की ताईंना वाघाची भीती वाटते बहुतेक. लोक हसले. त्या हसण्यातच आबा शांतपणे मॅनेजरला म्हणाले, "तिचं वेगळं धरू नका. एका खोलीचं एक मत. आमच्या खोलीची संमती आहे."

मॅनेजरची सुटका झाली. परतताना अनुराधपूरला अर्धा तास नक्की थांबू, असं त्यानं आपणहून सांगितलं आणि तो जीपची सोय करायला उठला.

बाजारात सतरंजीवर बसून ज्या माणसानं मला मताची किंमत शिकवली, त्यानंच माझं मत घेतलं होतं, तेही बाटलीच्या भावानं. खोलीत गेल्यावर मी भांडले. चांगलं मोठ्यानं भांडले. ते पलंगावर बसून पायमोजे काढत होते. नियम तुमच्या बाजूनं होता, मी म्हटलं, नुसता हात खाली ठेवायचा होता. ते म्हणाले, "आपल्यामुळे कोणाचं अडायला नको." मी विचारलं, आपल्यामुळे म्हणजे कोणामुळे? त्यांनी दुसरा पायमोजा काढला. त्या प्रश्नाचं उत्तर मी तीन पत्रकांत लिहिलं आहे, पण ते वडिलांच्या तोंडावर कसं फेकायचं हे मला येत नाही.

सकाळी आबा पांढरा सदरा-लेंगा घालून आले. अर्ध्या तासात कपडे कुठं बदलणार, असं त्यांचं गणित. जीपवाल्यानं डोक्याला हात लावला. जंगलात पांढरं लांबून दिसतं, जनावर पळतं. त्यानं आपलं मळकट खाकी जाकीट आबांना दिलं. उकाड्यात ते गळ्यापर्यंत बंद करून आबा मागच्या रांगेत बसले.

बिबट्या दिसला. एका आडव्या फांदीवर पाय सोडून झोपला होता. अक्कांना फोटो मिळाला. आम्ही निघणार, तोवर मागून दुसरी जीप आली, मग तिसरी, मग समोरून आणखी. वाट एकाच गाडीची, दोन्ही बाजूंना काटे, आणि खाली उतरायला सक्त मनाई. सगळ्या जीप अडकल्या. बिबट्या तेवढा उठून निघून जाईना, आणि तो जात नाही तोवर पुढचे हलेनात. लाल धूळ उडत होती आणि आबांच्या लेंग्यावर बसत होती. ते हातानं झटकत होते, पुन्हा बसत होती. ऊन डोक्यावर आलं. जनावराकडे सगळे कौतुकानं पाहत होते. मला मात्र त्या बिबट्याचा इतका राग आला की लाज वाटली; त्या बिचाऱ्याला झोप आली होती, एवढंच.

हॉटेलवर यायला, सामान चढवायला दुपार झाली. बस निघाल्यावर मॅनेजरनं सांगितलं की कँडीचा नाच संध्याकाळी सुरू होतो, वाटेत थांबलो तर चुकेल, सॉरी. "चालेल," आबा म्हणाले.

अनुराधपूर जवळ आलं तशी रस्त्याच्या कडेनं माणसं दिसायला लागली. पांढऱ्या साड्या, पांढऱ्या लुंग्या, हातात कमळाच्या कळ्या. अक्कांनी खिडकीतून त्यांना पाहिलं. मग आमच्याकडे वळून आबांच्या सदऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, तुमले तठे जानं व्हतं का?"

आबा लेंग्यावरची धूळ झटकायला लागले. मी म्हणाले, हो अक्का, त्यासाठीच आले ते.

"मंग बोलनात का नहीत?" अक्का चिडल्याच. त्यांनी मॅनेजरला गाडी वळवायला सांगितलं. नाच गेला खड्ड्यात. तो गडबडला, तिकिटं काढलेली, सगळ्यांची संमती लागेल म्हणाला. अक्कांनी वर्गातल्यासारखे हात वर करायला लावले. डॉक्टरांनी केला. शेठनी बायकोकडे पाहिलं, तिनं डोळे वटारले, त्यांनीही केला. माझा हात तर केव्हाचा वर होता. मला वाटलं, आता होतंय. लोक इतके वाईट नसतात, सांगावं लागतं फक्त.

"आमच्या खोलीची संमती नाही," आबा म्हणाले. "सगळ्यांचा नाच बुडेल. पुढे चला."

मी "आबा" म्हटलं. अक्का "भाऊ" म्हणाल्या. आबांनी माझा वर केलेला हात मनगटाला धरून हळूच खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला. मॅनेजरनं जरा थांबून ड्रायव्हरला खूण केली. फाटा आला, पाटीवर तीन लिप्यांत नाव होतं, बस सरळ गेली.

 मग शेठ मागे वळले. काय करावं हे त्यांनाही सुचत नसावं. त्यांनी आपला फोन आबांपुढे धरला. फांदीवरचा बिबट्या. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि फोटो नीट पाहिला.

"छान आलाय," म्हणाले.