मुखवटेवाल्याची भक्तीण

जत्रेत तंबूतला सिनेमा आला, की पौडच्या आमच्या शेजारणीच्या भाकऱ्या करपायच्या. तिला वेड होतं तोंडावर मुखवटा बांधून गरिबांसाठी लढणाऱ्या वीराचं. त्याच्याविषयी बोलताना ती उलथनं तलवारीसारखं फिरवायची आणि मध्येच म्हणायची, “तुमाला न्हाई कळायचं, बाई.”

तंबूत पुरुष पडद्यासमोर बसत आणि आम्ही बायका पडद्यामागे. तिथून चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसायचं, उजव्याचं डावं. म्हणून “त्यो डावखुरा हाय” असं ती पारावर बोलली, तेव्हा पुरुष पोट धरून हसले. “बायांनी देवादिकांचं शिनेमं बघावं,” असा सल्लाही मिळाला.

पुढच्या जत्रेत मारामारी सुरू होताच ती पडद्याखालून वाकून पलीकडे गेली आणि बिड्या ओढणाऱ्या पुरुषांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. तंबूवाल्याने सिनेमा थांबवला.

“बायांची जागा मागं हाय!”

“त्येची तलवार कुटल्या हातात हाय, त्ये बघितल्याबिगर उठायची न्हाई.”

शेवटी पुरुषच ओरडले, “बसू दे तिला, पर मारामारी दाव!”

समोरून कसं वाटलं, असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“त्यो एकटाच लढतोय, बाई,” ती म्हणाली. “बाकी समदे नुसत्या बिड्या वढत बसत्यात.”