दुर्बिणीचे पाय

बँकेने माझी जयपूरला बदली केली, तेव्हा माझ्यासोबत आलेल्या आईचे गुडघे पार धरले होते. तिला गच्ची चढवत नसे, म्हणून कॅमेरा लावून आकाश खाली टीव्हीवर दाखवील अशी दुर्बीण मी शोधत होते. दुकानातली सगळ्यांत मोठ्या नळीची दुर्बीण मी जवळजवळ ठरवलीच होती.

शेजारी स्कूटरची किल्ली बोटात फिरवत, दुकानदाराशी चाललेलं माझं कॅमेऱ्याचं बोलणं ऐकत एक गृहस्थ उभे होते, माझ्यासारखेच गिऱ्हाईक. त्यांनी नळीकडे बघितलंसुद्धा नाही. बसण्याआधी खाट हलवून बघावी तसा त्यांनी तिचा स्टँड हलवला आणि थरथर थांबेपर्यंत किल्ली मुठीत धरून ठेवली.

"बहनजी, नली छोटी चलेगी, स्टैंड तगड़ा लीजिए. आँख काँपना सह लेती है, कैमरा नहीं सहता."

न विचारता दिलेला सल्ला मला खपत नाही. तरीही मी लहान नळी आणि सरकत्या ग्रहामागे आपोआप फिरणारा मोटरवाला जड स्टँड घेतला.

शनिवारी दिवेलागणीनंतर गच्चीवरून वायर खाली सोडली. साडेसातीच्या धाकाने जन्मभर शनीला तेल वाहणारी आई टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर कड्यासकट शनी आला आणि जागचा हलला नाही. आई बघतच राहिली.

"किती शांत आहे गं हा," ती म्हणाली, आणि पाय लांब करून टेकून बसली.