शांताक्कांचा गळा आणि माझा आकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही आहात — समोर माणूस असला की माझं तोंड मिटतं.

मी हुबळीतल्या एका दवाखान्यात भूल द्यायला शिकते. पूर्ण भूल दिली की श्वास थांबतो. मग आम्ही घशातून श्वासनलिकेत नळी घालतो. बहुतेकांना ती सहज जाते. एखाद्याला जात नाही — आणि मग हाताशी फार थोडी मिनिटं असतात. म्हणून अवघड गळा आधीच ओळखायचा. आदल्या दिवशी गळ्यावर सोनोग्राफी करून त्वचेपासून श्वासनलिकेच्या तोंडावरच्या झडपेपर्यंतचं अंतर मोजायचं; अंतर जास्त, तर गळा अवघड. हे काम सरांनी मला दिलं होतं. मला का? मला वाटतं, न बोलता करायचं काम म्हणून.

अट एकच — पेशंटनेही गप्प राहायचं. बोललं की झडप हलते, चित्र विस्कटतं.

आणि आल्या कोण, तर दाजीबानपेठेतल्या शांताक्का! साठीच्या, उभा जन्म कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला; हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. मी गळ्याला मशीनचा प्रोब टेकवला आणि त्या सुरू झाल्या. "लग्न झालं का गं यव्वा? नाही? मग तुझी आई काय करती बसून? केशवापुरात माझ्या नणंदेचा पोरगा हाय बघ, ब्यांकेत."

अक्का, जरा बोलू नका — एवढंच म्हणायचं होतं. पण शाळेत मला गप्प बसल्याची बक्षिसं मिळाली. दुसऱ्याला गप्प कसं बसवायचं हे कुणी शिकवलं नाही. मी नुसती हसले. त्यांना आणखी जोर आला. नणंदेच्या पोराचा पगार झाला, रंग झाला, पडद्यावर मात्र नुसतं करडं धुकं.

मग त्यांनी ओठ वर करून तुटका दात दाखवला. "मागं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं तवा नळी घालताना डॉक्टरनं तोडला. तीनदा घातली म्हणं. आणि वर मलाच म्हणतो, बाई, तुमचा गळाच वाकडा!"

आता सांगा — याहून स्पष्ट काय हवं होतं? तेच कागदावर लिहायचं, आणि खाली लिहायचं: सोनोग्राफी जमली नाही. पण सर विचारणार, का जमली नाही? आणि मी काय सांगणार — पेशंट बोलत होती आणि मला तिला थांबवता आलं नाही?

म्हणून मी एक धूसर चित्र साठवलं आणि शेजारी लिहिलं, दोन पूर्णांक नऊ सेंटिमीटर. असं काही मी मोजलंच नव्हतं. अवघड वाटावा एवढा मोठा आकडा मनानेच घेतला. आणि 'आधी भुलेचा काही त्रास?' या रकान्यात — हे लिहायला सगळ्यात जड जातंय — 'नाही' लिहिलं. दाताचं लिहिलं असतं तर आकड्याची ऐट गेली असती.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या आकड्यामुळे नळी घालताना घशातलं दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण आधीच काढून ठेवलं. गळा खरोखरच अवघड निघाला. नळी गेली, शांताक्का सुखरूप उठल्या, आणि तासाभरात त्यांची नणंदेच्या पोराची चौकशी पुन्हा सुरू झाली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही बोलत नाही म्हणता ना? हिचं मशीन बोलतं!" सगळे हसले. मीही हसले — आणि किती खूश होते, ते कसं सांगू? शांताक्कांनी मशीनला हात जोडले. बोलल्या होत्या त्या स्वतः. त्यांच्या घरी गेलेल्या कागदावर मात्र तीनदा घातलेल्या नळीचा उल्लेख कुठेच नाही. तिथे माझं 'नाही' आहे.

ते चित्र सर आता नव्या मुलांना शिकवताना दाखवतात. गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी मागे थांबली. खूप वेळ पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, मला यात झडप दिसतच नाही."

तिचं बरोबर होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"सवयीने दिसते," मी म्हणाले.

ती ओशाळली, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.