बोंबलांवर तोललेली काठी

“काठी हातात हाय हे कळलं, म्हंजे ती जड हाय,” असं गोमाजी एकदा म्हणाला. तेव्हा त्याच्या हातात होडी ढकलायच्या बांबूतून कापलेल्या दोन काठ्या होत्या, आणि त्या असल्याचं साऱ्या येऊरच्या डोंगराला कळत होतं.

गोमाजी बाळकुमचा कोळी, ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. आमच्या मंडळाची डोंगरशर्यत दर डिसेंबरात येऊरला होई. पंच्याऐंशी साली त्याचा उजवा गुडघा गेला आणि तो उतारावर दोन काठ्या टेकत धावू लागला. मंडळाचे सचिव महिपतराव म्हणाले, “अरे, काठी म्हातारपणी. शर्यतीत चालणार नाही.”

गोमाजीला वाटलं, अडचण वजनाची आहे. हा गैरसमज त्याने अकरा वर्षं हौसेने जपला. शर्यतीच्या दिवशी तो पायथ्याशी उभा राहून पाणी वाटायचा आणि धावणाऱ्यांच्या गुडघ्यांकडे बघायचा.

बायको शेवंती मासळी विकायची. तिच्या तराजूत एका पारड्यात काठ्या, दुसऱ्यात ओले बोंबील. “बारा,” पहिल्या वर्षी ती म्हणाली. “ह्या घेऊन धावनार? त्यापरीस बोंबील न्या, वर कोनतरी इकत घेईल.”

मग डोंबिवलीत केबल आली, गच्च्यांवरचे अँटेना उतरले. गोमाजीने त्यांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या आणि वजन घटवायला त्यांना भोकं पाडली. सरावाला उतारावर त्या वाऱ्याने शिट्ट्या मारत. गोमाजी येतोय हे गोमाजीच्या आधी कळे. सात बोंबील. महिपतराव म्हणाले, नाही.

नंतर गळाच्या फायबरच्या काठ्या कापून, तळाला रबर बसवून त्याने नवी जोडी केली. चार बोंबील. “आता तुमीच तेवढे जड राहिलात,” शेवंती म्हणाली. महिपतराव पुन्हा म्हणाले, नाही.

शहाण्णवच्या बैठकीला महिपतराव लंगडत आले. भाच्याने जर्मनीहून पाठवलेल्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. “डॉक्टर म्हणतात, उतारावर वापरा. तेव्हा नियम बदलावा म्हणतो.”

हात पटापट वर गेले. गोमाजीचा सर्वांत आधी. या डिसेंबरात तो पाणी वाटणार नव्हता.

मग त्याने आपल्या फायबरच्या काठ्या टेबलावर ठेवल्या आणि जर्मन काठ्या उचलून हलवल्या. “सहा.”

“सहा काय?”

“बोंबील.”

सगळे हसले. महिपतराव हसले नाहीत. त्यांनी गोमाजीच्या काठ्या हातात घेतल्या, आणि बराच वेळ परत ठेवल्या नाहीत.

“गोमाजी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “मला अशी एक जोडी करून द्याल?”

गोमाजीने त्यांना उभं केलं, कोपर वाकवायला लावलं. खिशातून जाळ्याचा दोरा काढून कोपरापासून जमिनीपर्यंत धरला आणि गाठ मारली, जरा जास्तच आवळून. मग मापाचा दोरा खिशात टाकला, महिपतरावांच्या हातातून आपल्या काठ्या सोडवून घेतल्या आणि तो बाहेर पडला.