मथळ्यात न बसलेले उंदीर

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मी एका बातमीच्या मथळ्यातून 'उंदरांच्या' हा शब्द काढला. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. घरीही नाही.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. मथळा दोन कॉलमांचा होता. 'उंदरांच्या यकृतात विषाणूविना जनुक' बसेना. 'यकृतात विषाणूविना जनुक' बसलं. उंदीर शेवटच्या परिच्छेदात होते, आणि पान लावताना तो परिच्छेद उडाला. उडाला — की उडवला? पान मीच लावत होतो.

प्रयोग मला नीट कळला होता. एरवी जनुक पेशीत पोचवायला विषाणू वापरतात; इथे तो नव्हता. निरोगी जनुक सलाइनमध्ये मिसळायचं आणि उंदराच्या शेपटीच्या शिरेतून काही सेकंदांत आत ढकलायचं. सलाइन उंदराच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं. हृदयाला ते पेलत नाही, म्हणून उलटं यकृतात शिरतं. यकृत फुगतं, पेशी जनुक आत घेतात. माणसाला असं करता येणार नाही, हे संशोधक बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं होतं.

जेसल पार्कमध्ये आमच्या समोरच्या इमारतीत श्रावणी राहते. तेव्हा नऊ वर्षांची. यकृतातलं एक जनुक जन्मापासून बिघडलेलं, त्यामुळे कावीळ उतरतच नाही. ती आटोक्यात राहावी म्हणून श्रावणी रोज रात्री निळ्या दिव्यांखाली झोपायची. तो उजेड आमच्या खिडकीतून दिसायचा. यकृत बदला, थांबलात तर कावीळ मेंदूत जाईल आणि तिथलं नुकसान भरून येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडील स्वतःच्या यकृताचा तुकडा द्यायला तयार होते. तारीख तेवढी ठरायची होती.

तिची आई, सुनंदावहिनी, ती बातमी आलेला पेपर घेऊन आमच्याकडे आल्या. नवरा आणि पोरगी, दोघांना एकाच दिवशी टेबलावर झोपवायचा धीर होत नाही, म्हणाल्या. मग हसत विचारलं,

"भावजी, ह्ये माणसांवरच चाललंय ना? उंदीरबिंदीर नायत ना?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो उच्चारला की चूक माझी ठरणार — आणि ती मी त्यांच्यासमोर, माझ्याच घरात कबूल करायची? मी नजर पेपरवर ठेवली.

"काम सुरू आहे," म्हणालो.

"मग थांबतो आम्ही थोडं."

मी पेपरची घडी घालून त्यांना परत दिला. दुरुस्ती छापली नाही. पुढे कितीतरी रात्री तो निळा उजेड पाहिला. मधे फक्त सोसायटीचा रस्ता होता. तो ओलांडायला काय लागतं? एकदा चपला घातल्या होत्या. जिन्यातून परत आलो.

माघात श्रावणीला ताप आला. तापात कावीळ चढली आणि मेंदूत गेली. ऑपरेशन त्यानंतर झालं, वडिलांच्याच यकृताचा तुकडा बसवून. कावीळ उतरली. निळे दिवे काढले.

श्रावणीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.